सिंथ ‘कनेक्टेड’ दिसतो, पण सॉफ्टवेअरमध्ये नोट का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिंथेसायझर यूएसबीने विंडोज लॅपटॉपला जोडला आहे. केबल लावली की विंडोजचा ‘टिंग’ आवाज येतो. डीएडब्ल्यूच्या (संगीत रेकॉर्ड करण्याच्या सॉफ्टवेअरच्या) यादीत सिंथचं नाव कधी दिसतं, कधी दिसत नाही. दिसलं तरी ट्रॅकवर नोट उमटत नाही, आणि मध्येच उमटायला लागली की प्रत्येक सूर दुहेरी वाजतो. शिवाय केबल लावल्यापासून स्पीकरमध्ये बारीक किरकिर आहे. ड्रायव्हर पुन्हा टाकून झाला, आता विंडोजच नव्याने टाकायचं का?

नाही, निदान इतक्यात तरी नाही. तुम्ही एक बिघाड म्हणून जे सांगताय ते बहुधा चार वेगळे प्रश्न आहेत. जोडणी टिकत नाही, नोट ट्रॅकपर्यंत पोचत नाही, नोट फिरून परत सिंथकडे येते, आणि विजेच्या जोडणीतून आवाज शिरतो. चारही एकाच केबलशी निगडित असल्यामुळे एकच वाटतात. ड्रायव्हर पुन्हा टाकल्याने यातला फार तर एखादा सुटतो. म्हणून नोट कुठपर्यंत जाते आणि कुठे अडते हे कळेपर्यंत काहीही काढू नका, काहीही टाकू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच तपासा.

मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बऱ्याच गोष्टी त्यावर ठरतात. काही सिंथ ‘क्लास कंप्लायंट’ असतात, म्हणजे विंडोज, मॅक आणि लिनक्समध्ये आधीच असलेल्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालतात. काहींना कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. काहींमध्ये दोन्ही सोयी असतात आणि सिंथच्या सिस्टम मेन्यूत ‘यूएसबी ड्रायव्हर’ किंवा ‘यूएसबी मोड’ नावाने जेनेरिक (सर्वसाधारण) आणि व्हेंडर (कंपनीचा) असे पर्याय असतात. रोलँडच्या अनेक कीबोर्डवर ही निवड दिसेल. तीत एक मेख आहे. पर्याय बदलल्यावर तो सेव्ह करून सिंथ बंद-चालू केल्याशिवाय बदल लागू होत नाही. सिंथ व्हेंडर मोडवर आणि लॅपटॉपवर कंपनीचा ड्रायव्हर नाही, अशी अवस्था असेल तर ‘टिंग’ होतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह येतं आणि मिडी पोर्ट, म्हणजे नोटांचे संदेश ज्या वाटेने जातात ती, मात्र तयारच होत नाही.

सुरुवात केबलपासून करा. फार प्राथमिक वाटेल, पण इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. फोनच्या चार्जरसोबत येणाऱ्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांत डेटाच्या दोन तारा नसतातच. अशा केबलवर लहान सिंथचे दिवे लागतात, पण विंडोजला काही कळत नाही. तुमच्याकडे ‘टिंग’ होतो, म्हणजे डेटाच्या तारा आहेत. त्या चांगल्या आहेत असं मात्र त्यावरून ठरत नाही. यूएसबी २.० साठी ५ मीटर ही वरची मर्यादा धरतात; सिंथसाठी दोन मीटरच्या आतली केबल घ्या, एक्स्टेंशन जोडू नका. सिंथकडचा चौकोनी बी सॉकेट सैल झाला आहे का तेही बघा. जोडणी चालू असताना प्लग हलकेच वर-खाली करा. ‘टिंग-टुंग’ सुरू झालं तर ड्रायव्हरचा विचार सोडा, दोष सॉकेटमध्ये किंवा केबलमध्ये आहे.

सिंथला टाइप सी पोर्ट असेल तर आणखी एक गंमत. दोन्ही बाजूंना सी असलेल्या केबलने काही छोटी वाद्यं साफ मेल्यासारखी राहतात आणि ए-टू-सी केबलने लगेच उठतात. वाद्याच्या आत सीसी पिनवर ५.१ किलोओहमचे रेझिस्टर असावे लागतात; ते दिलेले नसले तर समोरचा सी पोर्ट वीजच सोडत नाही. वाद्य बिघडलेलं नसतं, फक्त केबल बदलायची. आणि मागे चपटा ए पोर्ट असेल तर तो बहुधा पेन ड्राइव्हसाठी असतो. लॅपटॉप नेहमी ‘टू होस्ट’ किंवा ‘कॉम्प्युटर’ लिहिलेल्या पोर्टलाच.

हब असेल तर तपासणीपुरता काढून टाका. यूएसबी २.० च्या पोर्टमधून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मिळतात. बिनअॅडॅप्टरच्या हबवर हार्ड डिस्क, ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमध्ये आवाज आत-बाहेर नेणारा डबा) आणि यूएसबीच्याच विजेवर चालणारा सिंथ एवढी मंडळी बसवली की कुणीतरी अधूनमधून गळणारच. हब लागणारच असेल तर स्वतःचा अॅडॅप्टर असलेला घ्या.

आता ‘कधी दिसतो, कधी नाही’ याकडे. विंडोज लॅपटॉपवर याचं नेहमीचं कारण वीज वाचवण्याची सोय. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये चालू प्लॅनच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा, ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बॅटरी आणि प्लग्ड-इन दोन्हीसाठी डिसेबल करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. काही लॅपटॉपवर हे पर्याय दिसत नाहीत. तिथे पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर नेऊन पाहा.

दुसरं कारण क्रमाचं. बरीच सॉफ्टवेअरं मिडी पोर्टची यादी सुरू होतानाच बनवतात आणि नंतर जोडलेलं वाद्य त्यांना दिसत नाही. आधी सिंथ चालू करा, तो पूर्ण बूट होऊ द्या, मग सॉफ्टवेअर उघडा. काम चालू असताना केबल निघाली तर ती परत खोचून भागत नाही, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावं लागतं.

तिसरं कारण जरा आडवळणाचं. ज्या वाद्याला स्वतःचा यूएसबी सीरियल नंबर नाही त्याला विंडोज पोर्टवरून ओळखतो. आज डावीकडचा पोर्ट, उद्या उजवीकडचा, की विंडोजच्या लेखी ते नवं वाद्य. नावापुढे ‘२-’ किंवा ‘३-’ लागतो आणि तुमचा जुना प्रोजेक्ट मात्र पहिल्याच नावाची वाट बघत बसतो. उपाय साधा आहे. एक पोर्ट ठरवा, त्यावर चिकटपट्टी लावा आणि तोच वापरा. जुन्या नोंदी काढायला डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेन्यूत ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडा. ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ खाली पुसट दिसणाऱ्या त्याच वाद्याच्या नोंदी अनइन्स्टॉल करा. पुसट नोंदी साठणं हा फक्त पसारा नाही. काही जुन्या ड्रायव्हरना विंडोजच्या मिडी यादीतल्या पहिल्या १० जागांतच जागा लागते. त्या जुन्या नोंदींनी अडवल्या की ड्रायव्हर व्यवस्थित बसलेला दिसतो, पण सॉफ्टवेअरला पोर्ट काही दिसत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्येच असताना पिवळं चिन्ह असेल तर त्यावर दोनदा क्लिक करून कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही, तो टाका. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण वाद्य सुरू करू शकला नाही. जेनेरिक-व्हेंडरची अदलाबदल इथे तपासावी. कोड ४३ आणि सोबत ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असेल तर लॅपटॉपला वाद्याची ओळखच नीट वाचता आली नाही. केबल, पोर्ट आणि मग सिंथचं यूएसबी बोर्ड, या क्रमाने संशय घ्या. कंपनीचा ड्रायव्हर टाकायचाच असेल तर आधी सिंथची केबल काढा, जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, नवा टाका आणि इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच केबल लावा. लॅपटॉप एआरएम प्रोसेसरवरचा असेल तर इंटेलसाठी बनवलेला ड्रायव्हर तिथे बसणार नाही. मग क्लास कंप्लायंट मोड हाच मार्ग.

मॅकवाल्यांसाठी हीच तपासणी ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये होते. विंडो मेन्यूतून मिडी स्टुडिओ उघडा. सिंथचं चित्र फिकट असेल तर मॅकला तो पूर्वी माहीत होता, आता सापडत नाहीये. जुन्या धाटणीचा कर्नल एक्स्टेन्शन ड्रायव्हर अॅपल सिलिकॉनवर चालवायचा तर रिकव्हरीतून सुरक्षा पातळी खाली आणावी लागते. क्लास कंप्लायंट पर्याय असताना ते करू नका. लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ (lsusb) आणि ‘एमिडी -एल’ (amidi -l) या दोन आज्ञा पुरतात. पहिलीत वाद्य आहे आणि दुसरीत नाही, तर ते क्लास कंप्लायंट मोडमध्ये नाही.

इथवर सगळं ठीक असेल तर सर्वात उपयोगी तपासणी करा. डीएडब्ल्यू पूर्ण बंद करा आणि फक्त मिडी मॉनिटर उघडा. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर. दोन्ही फुकट आहेत. इनपुटला सिंथचा पोर्ट निवडा आणि एक कळ दाबा. कळ दाबल्यावर ‘नोट ऑन’ची एक ओळ, सोडल्यावर ‘नोट ऑफ’ची एक ओळ दिसली पाहिजे (काही वाद्यं नोट ऑफऐवजी शून्य व्हेलॉसिटीचा, म्हणजे शून्य जोराचा, नोट ऑन पाठवतात, ते बरोबरच आहे). ओळ दिसली, तर केबल, ड्रायव्हर आणि विंडोज तिघेही निर्दोष. पुढचा दोष सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये. ओळ दिसली नाही, तर सॉफ्टवेअरमध्ये कितीही खटपट केली तरी नोट येणार नाही. कुठे शोधायचं नाही, हे या एका चाचणीत कळतं.

ओळ दिसली नाही तर सिंथकडे वळा. यामाहासारख्या वर्कस्टेशनवर मिडी कुठून घ्यायचा-द्यायचा याची निवड असते, यूएसबी की पाच पिनी (जुना गोल मिडी सॉकेट). ती पाच पिनीवर असेल तर यूएसबीवर शांतता. त्याच भागात ट्रान्समिट चॅनेल आणि ‘कीबोर्ड आउट’सारखे पर्यायही बघा. मॉनिटरमध्ये नुसत्या ‘एफई’ किंवा ‘एफ८’च्या ओळी धावत असतील तर घाबरू नका. पहिली अॅक्टिव्ह सेन्सिंगची, म्हणजे जोडणी जिवंत असल्याची खूण. दुसरी क्लॉकची, म्हणजे टेम्पो जुळवणाऱ्या ठोक्यांची, दर क्वार्टर नोटला २४.

एक पोर्ट, एकच गिऱ्हाईक, हा विंडोजच्या जुन्या मिडी पद्धतीचा नियम. मिडी-ऑक्सने पोर्ट धरला असेल तर डीएडब्ल्यूला तो मिळत नाही, आणि उलटही. सिंथचा पॅच एडिटर (आवाज घडवण्याचं सॉफ्टवेअर) मागे उघडा राहिला असेल, किंवा मिडी वापरणारं एखादं वेबपान ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडं असेल, तरी हेच होतं. ‘पोर्ट उघडता आला नाही’ असा संदेश दिसला की आधी अशी बसलेली मंडळी उठवा. तुमच्या ‘कधी चालतो, कधी नाही’मागे हेही असू शकतं.

नोट मॉनिटरमध्ये येते पण ट्रॅकवर नाही, तर दोष बहुतेक एखाद्या खुणेचा असतो. एबलटन लाइव्हच्या मिडी सेटिंगमध्ये प्रत्येक पोर्टपुढे ट्रॅक, सिंक, रिमोट अशा खुणा आहेत. नोटसाठी ट्रॅक लागते. अनेक जण फक्त रिमोट चालू करून बसतात. रीपरमध्ये नुसतं ‘कंट्रोल मेसेजेस’साठी चालू केलेलं इनपुट नोटा घेत नाही, ‘एनेबल इनपुट’ वेगळं आहे. क्युबेसमध्ये मिडी पोर्ट सेटअपमधली ‘ऑल मिडी इनपुट्स’ची खूण पाहा. एफएल स्टुडिओत बाहेर नोट पाठवायची तर मिडी सेटिंगमधला पोर्ट क्रमांक आणि ‘मिडी आउट’ प्लगइनमधला क्रमांक एकच हवा. मग ट्रॅकचं इनपुट चॅनेल ‘ऑल’, रेकॉर्ड बटण आर्म केलेलं, मॉनिटर चालू.

पोर्ट दोन-तीन दिसत असतील तर सर्वांवर एकदा वाजवून बघा. एका पोर्टवर कळांच्या नोटा येतात. ‘डीएडब्ल्यू कंट्रोल’ किंवा ‘कंट्रोल’ नावाचा पोर्ट प्ले-स्टॉपच्या बटणांसाठी असतो. उलट्या दिशेने, म्हणजे सॉफ्टवेअरकडून सिंथकडे, नोट जात नसेल तर चॅनेल पाहा. सिंगल मोडमधला सिंथ एकाच ग्लोबल चॅनेलवर ऐकतो, मल्टी मोडमधला प्रत्येक पार्टसाठी वेगळ्यावर. आणि गॅरेजबँडमधून बाहेरच्या वाद्याला मिडी पाठवण्याची सोयच नाही, त्यामुळे तिथे शोधू नका.

आता दुहेरी सूर. कळ दाबली की सिंथ स्वतःचा आवाज काढतो. तीच नोट यूएसबीने ट्रॅकवर जाते. ट्रॅकचं मॉनिटर चालू आहे आणि आउटपुट त्याच सिंथकडे आहे, म्हणून काही मिलिसेकंदांनी ती परत येते आणि सिंथ ती पुन्हा वाजवतो. ओळखायचं कसं? आवाज पातळ आणि फ्लँजर लावल्यासारखा होतो, आणि पॉलिफोनी (एका वेळी वाजू शकणाऱ्या आवाजांची संख्या) निम्मी होते. म्हणजे सोळा आवाजांच्या सिंथवर नववी नोट धरताच पहिली गळते. उपाय म्हणजे सिंथच्या मेन्यूत ‘लोकल कंट्रोल’ ऑफ करणे. मेन्यूत सापडलं नाही तर सॉफ्टवेअरमधून कंट्रोल चेंज १२२ या मिडी संदेशाला शून्य पाठवा. १२७ पाठवलं की पुन्हा चालू. लोकल ऑफ केल्यावर कळपट्टी आणि आवाज यांचा आतला संबंध तुटतो, त्यामुळे सॉफ्टवेअर बंद असताना सिंथ मुका होणार. दुरुस्तीला नेण्याआधी हे आठवावं! काही वाद्यं बंद-चालू केल्यावर लोकल आपोआप ऑन करतात, काही नाही.

सिंथच्या मेन्यूत ‘सॉफ्ट थ्रू’ किंवा ‘यूएसबी थ्रू’ (आलेली नोट तशीच पुढे पाठवण्याची सोय) चालू असेल तर मात्र प्रकरण बिघडतं. नोट गोल फिरत राहते, सिंथ अडकतो किंवा नोटा लटकतात. थ्रू बंद करा आणि लटकलेल्या नोटांसाठी सॉफ्टवेअरचं पॅनिक बटण दाबा. क्लॉकचंही तसंच: टेम्पोचा मालक एकच ठेवा. सॉफ्टवेअर मालक असेल तर सिंथचं क्लॉक यूएसबीवर आणि सॉफ्टवेअरमधलं त्या पोर्टचं सिंक इनपुट बंद.

आत्तापर्यंतचं एका दमात: जोडणी टिकते का ते डिव्हाइस मॅनेजर सांगेल, नोट लॅपटॉपपर्यंत येते का ते मिडी मॉनिटर सांगेल, ट्रॅकचा प्रश्न पोर्टपुढच्या खुणांचा आणि दुहेरी सुराचा प्रश्न लोकल कंट्रोलचा. राहिला ऑडिओ.

बऱ्याच सिंथच्या यूएसबीतून फक्त मिडी जातो, आवाज जातच नाही. नोटा उमटतात पण रेकॉर्डिंगमध्ये शांतता असेल तर आधी मॅन्युअलच्या तपशिलात नुसतं ‘यूएसबी मिडी’ आहे की ‘यूएसबी ऑडिओ’ही, ते वाचा. नुसतं मिडी असेल तर सिंथचा लाइन आउट ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनला जोडायचा, दुसरा उपाय नाही. यूएसबी ऑडिओ असेल तर सॅम्पल रेट जुळवा. काही सिंथ ४४.१ किलोहर्ट्झवर बांधलेले असतात, काही ४८ वर. प्रोजेक्ट वेगळ्या दरावर असेल तर कडकड येते, शांतता मिळते किंवा सूर सरकतो. ४४.१ चं रेकॉर्डिंग ४८ ने वाजलं तर ते सुमारे दीड सेमीटोन चढं ऐकू येतं. विंडोजवर बहुतेक सॉफ्टवेअर एका वेळी एकच आसिओ (कमी विलंबाचा ऑडिओ) ड्रायव्हर घेतात. सिंथचा घेतला तर इंटरफेस सुटतो. दोन्ही हवेत तर सिंथ अॅनालॉग केबलने इंटरफेसमध्ये आणा. दोन आसिओ एकत्र बांधण्याच्या क्लृप्त्यांपेक्षा ते कितीतरी शांत काम आहे. मॅकवर अॅग्रिगेट डिव्हाइस (दोन उपकरणं मिळून एक) बनवता येतं. ज्याचं क्लॉक मुख्य नाही त्या उपकरणावर ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची खूण करायची.

शेवटी किरकिर. माउस हलवला किंवा स्क्रीनवर काही सरकवलं की तिचा सूर बदलतो का ते ऐका. बदलत असेल तर ती ग्राउंड लूप आहे: लॅपटॉपचं ग्राउंड यूएसबीच्या तारेने सिंथला, सिंथचं ऑडिओ केबलच्या जाळीने इंटरफेसला, आणि इंटरफेसचं परत लॅपटॉपला, असं वर्तुळ पूर्ण होतं आणि लॅपटॉपमधला विजेचा गोंगाट त्यातून ऑडिओत शिरतो. ऑडिओ केबल तशीच ठेवून फक्त यूएसबी काढा. किरकिर गेली तर निदान पक्कं. मग यूएसबी लावून लॅपटॉपचा अॅडॅप्टर काढा. बॅटरीवर गेली तर वाटेकरी अॅडॅप्टर आहे.

सिंथला पाच पिनी मिडी असेल तर तोच खरा उपाय. पाच पिनी मिडीच्या इनपुटला ऑप्टो-आयसोलेटर असतो, नोट प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जाते आणि दोन्ही बाजूंची ग्राउंड जोडली जात नाहीत. वेग कमी पडेल ही भीती नको. ३१,२५० बिट प्रति सेकंद या वेगाने तीन बाइटची एक नोट जायला एक मिलिसेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो. एका सिंथला पुष्कळ झालं. पाच पिनी नसेल तर सिंथ आणि इंटरफेसमध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (ग्राउंड न जोडता आवाज पुढे देणारा डबा) बसवा. यूएसबी आयसोलेटरही मिळतात, पण स्वस्त आयसोलेटर बहुधा फुल स्पीड, म्हणजे १२ मेगाबिटचे असतात. मिडीला ते चालतात. हाय स्पीडवर चालणाऱ्या यूएसबी ऑडिओला नाही. आयसोलेटरमधून वीजही तुटपुंजी येते, तेव्हा सिंथला स्वतःचा अॅडॅप्टर हवा. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला कुठे वाचलात तर तो विसरा, त्यात जिवाला धोका आहे.

सिंथचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करणं मी मुद्दाम मागे ठेवलं. डळमळीत जोडणीवर ते करू नये, अर्ध्यात केबल गळली तर सिंथ उघडावा लागेल. आधी जोडणी पक्की करा, मग हबशिवाय, लॅपटॉपची झोप बंद ठेवून करा.

एवढ्यानेही सुटलं नाही तर पुढच्या वेळी हे लिहा: सिंथचं मॉडेल आणि फर्मवेअरचा आकडा, विंडोजची आवृत्ती, यूएसबी मोड जेनेरिक की व्हेंडर, डिव्हाइस मॅनेजरमधला कोड, आणि डीएडब्ल्यू बंद असताना एक कळ दाबून सोडल्यावर मिडी मॉनिटरमध्ये आलेल्या ओळी, जशाच्या तशा.